घन पदार्थांतील उष्णतेचे तरंग

चुलीत खुपसलेल्या लोखंडी सळईचे बाहेरचे टोक काही वेळाने तापू लागते, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु हा ‘काही वेळ’ नेमका किती, आणि त्या अवधीत उष्णता सळईतून कोणत्या रीतीने पुढे सरकत असते, हे प्रश्न दिसतात तितके सोपे नाहीत. ध्वनी लोखंडातून सेकंदाला सुमारे पाच किलोमीटर वेगाने जातो, प्रकाश निर्वात पोकळीतून सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर जातो, असे निश्चित आकडे शालेय पुस्तकांतून दिलेले असतात. उष्णता धातूतून सेकंदाला किती मीटर जाते, याचा आकडा मात्र कोणत्याही कोष्टकात सापडत नाही. असा आकडा सामान्यतः असूच शकत नाही, हे त्याचे कारण होय. मात्र काही निवडक घन पदार्थांत, विशिष्ट परिस्थितीत, तो असतो. आणि मग उष्णता ध्वनीप्रमाणे तरंगरूपाने धावू लागते. या विलक्षण प्रकाराचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उन्हाळ्यात वृत्तपत्रांतून जिला ‘उष्णतेची लाट’ म्हणतात तिचा येथे काही संबंध नाही, हे प्रारंभीच सांगून ठेवणे बरे.

फूर्येचा नियम

उष्णतावहनाचे गणित प्रथम व्यवस्थितपणे मांडले ते जोसेफ फूर्ये या फ्रेंच गणितज्ञाने. नेपोलियनच्या राजवटीत ग्रनोब्ल येथे प्रशासकाचे काम सांभाळून त्याने हे संशोधन केले. १८०७ मध्ये त्याने पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे आपला पहिला निबंध ठेवला, तेव्हा लाग्रांजसारख्या श्रेष्ठ गणितज्ञाने त्यातील गणिती रीतीवर आक्षेप घेतला होता. पुढे १८२२ मध्ये फूर्येचा उष्णतेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यातील नियम सर्वमान्य झाला.

नियम अगदी साधा आहे. पदार्थात एका बाजूस तपमान अधिक आणि दुसऱ्या बाजूस कमी असेल, तर उष्णतेचा ओघ अधिकाकडून उण्याकडे वाहतो. आणि तपमानाचा उतार जितका तीव्र, तितका हा ओघ मोठा असतो. या नियमास ऊर्जेच्या अक्षय्यतेची जोड दिली की जे समीकरण मिळते, त्यास विसरणाचे समीकरण म्हणतात. पाण्याच्या पेल्यात शाईचा थेंब सोडला असता शाई ज्या गणिताने पसरते, त्याच गणिताने सळईत उष्णता पसरते.

विसरणाची एक खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. अंतर दुप्पट झाले तर लागणारा वेळ दुप्पट होत नाही, चौपट होतो. अंतर दसपट झाल्यास वेळ शंभरपट होतो. तांब्याच्या दहा सेंटिमीटर लांबीच्या कांबीत एका टोकाची उष्णता दुसऱ्या टोकापर्यंत चांगलीशी पोहोचण्यास दीड मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. एक मीटर लांबीच्या कांबीत त्यालाच अडीच तास लागतील. अंतराला वेळेने भागून येणारा ‘वेग’ प्रत्येक अंतरास निराळा येतो. उष्णतेच्या वेगाचा आकडा कोष्टकात का नसतो, याचे उत्तर हे असे आहे.

अनंत वेगाचा पेच

फूर्येच्या समीकरणाने गेली दोनशे वर्षे अभियंत्यांची उत्तम सेवा केलेली आहे. बाष्पकाच्या भिंती, शीतगृहांची आवरणे, यंत्रांचे तापणारे भाग, या सर्वांचे हिशेब त्याच्या आधारे होतात आणि ते बरोबर येतात. तरीही या समीकरणाच्या पोटात एक विसंगती दडलेली आहे.

एक मीटर लांबीच्या तांब्याच्या कांबीचे एक टोक एकाएकी तापविले अशी कल्पना करू. दुसरे टोक केव्हा तापू लागेल? फूर्येचे समीकरण सांगते, तत्क्षणीच. किती तापेल, तर अत्यल्प; पण शून्य नव्हे. सेकंदाच्या एक अब्जाव्या भागानंतर दूरच्या टोकाशी होणारी तपमानवाढ दशांश अपूर्णांकात लिहावयाची म्हटली, तर दशांश चिन्हानंतर नव्वद हजार कोटींहून अधिक शून्ये मांडावी लागतील आणि मग पहिला अंक येईल. इतक्या सूक्ष्म वाढीची व्यवहारात कोणी दखल घेणार नाही, हे खरे. पण सेकंदाच्या एक अब्जाव्या भागात प्रकाशही जेमतेम तीस सेंटिमीटर जातो. म्हणजे उष्णतेची वार्ता, कितीही क्षीण का असेना, प्रकाशाच्या आधी एक मीटर पल्ला गाठते, असे हे समीकरण म्हणते. सापेक्षतेच्या सिद्धांतास हे मान्य होण्यासारखे नाही. तो सिद्धांत बाजूस ठेवला तरी उष्णता शेवटी पदार्थातील कणांच्या हालचालीनेच जाते. कणच जर ठराविक वेगाने हालतात, तर त्यांची वार्ता त्यांच्याहून पुढे कशी जाईल?

विसंगतीचे मूळ नियमाच्या शब्दांतच आहे. तपमानाचा उतार निर्माण झाला की ओघ त्याच क्षणी सुरू होतो, असे फूर्येने गृहीत धरले. कारण आणि कार्य यांमध्ये त्याने यत्किंचितही अवधी ठेवला नाही. हत्तीला ढकलताच तो त्या क्षणी पूर्ण वेगाने चालू लागेल असे मानण्यासारखेच हे आहे.

१८६७ मध्ये मॅक्सवेलने वायूंच्या गतिसिद्धांतावर लिहिलेल्या प्रबंधात हा अवधी दर्शविणारे एक पद उष्णतेच्या समीकरणात उतरले होते. पण ओघ इतक्या त्वरेने स्थिरावतो की त्या पदाचा विचार करण्याचे कारण नाही, असे म्हणून मॅक्सवेलने ते गाळले. वायूंपुरता त्याचा निर्णय व्यवहारतः योग्यच होता. १९१७ च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञ नेर्न्स्ट याने उष्णतेलाही एक प्रकारचे जडत्व असू शकेल आणि अतिशीत अवस्थेत ते प्रत्ययास येईल, अशी सूचना केली. पुढे १९४८ मध्ये इटलीतील कात्तानेओ याने आणि १९५८ मध्ये फ्रान्समधील व्हेर्नोत याने फूर्येच्या नियमात रीतसर दुरुस्ती मांडली. उतार निर्माण झाल्यानंतर ओघ पूर्णत्वास येण्यास थोडा काळ लागतो, हा त्या दुरुस्तीचा आशय होय. या काळास येथे ‘विलंबकाल’ म्हणू.

एवढ्या लहानशा दुरुस्तीने समीकरणाचे स्वरूपच पालटते. ते आता केवळ विसरणाचे राहत नाही; त्यात तरंगाचे लक्षण येते. उष्णतेस पुढची सीमा लाभते, आणि त्या सीमेपलीकडे वार्ता मुळीच पोहोचत नाही. सीमेच्या वेगाचे सूत्रही सोपे आहे: पदार्थाच्या विसरणांकास विलंबकालाने भागावे आणि येणाऱ्या संख्येचे वर्गमूळ काढावे. विलंबकाल शून्य धरला की वेग अनंत होतो, म्हणजे फूर्येचा पेच पुन्हा उभा राहतो. विलंबकाल कितीही अल्प पण निश्चित असला की वेगही निश्चित होतो.

सामान्य तपमानास नेहमीच्या स्फटिकांत हा काल अतिशय अल्प असतो. एका सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यांतील एक-दोन किंवा काही थोडे भाग, एवढाच तो भरतो. तेवढ्या अवधीत उष्णता मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाच्या आसपास अंतर जाते, आणि मग तरंगाचा मागमूस न उरता निव्वळ विसरण सुरू होते. तेव्हा तरंग पाहावयाचा तर एक तर विलंबकाल वाढविला पाहिजे, नाही तर अतिसूक्ष्म अंतरावर आणि अतिसूक्ष्म काळात पाहण्याची विद्या साधली पाहिजे. पुढील सर्व इतिहास या दोन मार्गांचा आहे.

जमिनीतील हेलकावे हे तरंग नव्हेत

येथे एका गैरसमजाचे निरसन करणे अवश्य आहे. जमिनीचा पृष्ठभाग दिवसा तापतो, रात्री निवतो. हा चढउतार जमिनीत खाली खाली उतरतो आणि खोलीबरोबर उशिरा पोहोचतो. पुष्कळ ग्रंथांतून यास ‘तपमानाचे तरंग’ असे म्हटलेले आढळते, आणि आलेख काढला तर तो तरंगासारखाच दिसतो. साधारण मातीत दिवसाचा चढउतार दहा-बारा सेंटिमीटर खोलीवर सुमारे एक-तृतीयांश उरतो. वर्षाचा चढउतार तितकाच क्षीण होण्यास दोन मीटरांच्या आसपास उतरावे लागते. एडिंबरो येथील खडकात १८३७ पासून जेम्स फोर्ब्झने तपमापके पुरून मोजणी चालविली होती. सर्वांत खोल तपमापक २४ फ्रेंच फूट, म्हणजे सुमारे पावणेआठ मीटर खाली होते. तेथे वर्षातील सर्वाधिक तपमान ऐन हिवाळ्यात आढळे. वरचा उन्हाळा खाली पोहोचेपर्यंत सुमारे पाच-सहा महिने उलटलेले असत.

असे असले तरी हे खरे तरंग नव्हेत. एका तरंगलांबीइतके अंतर जाईपर्यंत त्यांची उंची पाचशेव्या हिश्श्याहूनही कमी होते. त्यांस निश्चित वेग नसतो. मंद चढउतार सावकाश उतरतो, शीघ्र चढउतार त्याहून वेगाने उतरतो पण लौकर विरतो. त्यांस पुढची सीमाही नसते. फूर्येच्या जुन्या समीकरणातून ते जसेच्या तसे निघतात. खऱ्या तरंगाची कसोटी निराळी आहे: एका टोकाशी दिलेला उष्णतेचा झटका ठराविक वेळाने, आपला आकार बहुतांशी राखून, दुसऱ्या टोकाशी प्रकट झाला पाहिजे, आणि अंतर दुप्पट केल्यास वेळ दुप्पटच झाला पाहिजे, चौपट नव्हे.

द्रव हेलियममधील ‘दुसरा ध्वनी’

या कसोटीस उतरणारा पहिला पदार्थ घन नव्हता, द्रव होता. हेलियम वायू अतिशीत केला असता त्याचा द्रव होतो, आणि २.१७ केल्विनच्या खाली त्या द्रवास एक अद्भुत अवस्था प्राप्त होते. (शून्य केल्विन म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सिअस.) या अवस्थेत त्याचे वर्तन दोन द्रव एकमेकांत मिसळल्यासारखे असते. त्यांपैकी एक नेहमीसारखा, उष्णता बाळगणारा. तर दुसरा अतिप्रवाही, ज्याच्यात उष्णताही नाही आणि घर्षणही नाही. १९३८ मध्ये तिसा याने आणि १९४१ मध्ये लान्डाऊ या रशियन शास्त्रज्ञाने ही उपपत्ती मांडली. तिच्यातून एक चमत्कारिक निष्कर्ष निघाला. हे दोन घटक परस्परविरुद्ध दिशांनी हेलकावू लागले, तर द्रवाची घनता जेथल्या तेथे राहील, पण तपमान मात्र तरंगाप्रमाणे पुढे सरकेल. ध्वनीत दाब वरखाली होतो. येथे तपमान वरखाली होईल. लान्डाऊने यास ‘दुसरा ध्वनी’ हे नाव दिले. नाव रूढ झाले खरे, परंतु ते थोडे फसवे आहे. कारण दाबात जवळजवळ बदल होत नसल्यामुळे हा ‘ध्वनी’ कोणत्याही कानास ऐकू येणार नाही.

ध्वनीच्या साधनांनी तो शोधू पाहणाऱ्यांच्या पदरी म्हणूनच प्रथम निराशा आली. थरथरणाऱ्या पट्टीने तो फारसा उत्पन्नच होत नाही. त्यासाठी तपमान थरथरविणारी पट्टी हवी, हे १९४४ मध्ये लिफ्शिट्झने गणिताने दाखविले. त्याच वर्षी मॉस्को येथे पेश्कॉव्हने नेमके तसे केले. बारीक तारेतून उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाह सोडून त्याने द्रवात उष्णतेचे झटके दिले आणि नाजूक विद्युत्तपमापकाने ते टिपले. तरंग मिळाला. त्याचा वेग सेकंदाला वीस मीटरांच्या आतबाहेर होता. त्याच द्रवात साधा ध्वनी सेकंदाला सुमारे २३० मीटर जातो. उष्णता तरंगरूपाने जाऊ शकते हे अशा रीतीने प्रथम सिद्ध झाले. पुढे १९४७ मध्ये पेश्कॉव्हनेच असा प्रश्न उपस्थित केला की, द्रवात जे घडते ते पुरेशा शुद्ध स्फटिकात का घडू नये?

स्फटिकातील उष्णतेचे वाहक

या प्रश्नाचे मर्म कळण्यासाठी स्फटिकाच्या अंतरंगात डोकावले पाहिजे. स्फटिकातील अणू जालीदार रचनेत बसविलेले असतात आणि ते सतत कंप पावतात. हे कंप अणूगणिक सुटे नसतात. सारे जालक मिळून तरंगते. पुंजसिद्धांतानुसार या कंपांची ऊर्जा ठराविक पुंजांच्या रूपाने असते. प्रकाशाच्या पुंजास ज्याप्रमाणे फोटॉन म्हणतात, त्याप्रमाणे जालकाच्या कंपपुंजास फोनॉन म्हणतात. विद्युत् न वाहणाऱ्या स्फटिकात उष्णता म्हणजे फोनॉनांची गर्दी, असे म्हणण्यास हरकत नाही. डब्यात कोंडलेल्या वायूच्या रेणूंसारखे हे फोनॉन सर्व दिशांनी ध्वनीच्या वेगाने धावत असतात आणि एकमेकांवर आदळत असतात.

येथवर सारे सोपे आहे. कळीची गोष्ट पुढेच आहे. फोनॉनांच्या टकरी दोन जातींच्या असतात. पहिल्या जातीत दोन फोनॉन मिळून एक होतो किंवा एकाचे दोन होतात, पण सर्वांचा मिळून एकूण संवेग जसाच्या तसा राहतो. यांस साध्या टकरी म्हणू. दुसऱ्या जातीत संवेगाचा काही भाग संपूर्ण जालक गिळून टाकते आणि फोनॉन जणू मागे फिरतो. १९२९ मध्ये पायर्ल्सने या टकरी प्रथम ओळखल्या आणि त्यांस ‘उलटून पडणे’ अशा अर्थाचे जर्मन नाव दिले. त्यांस उलट्या टकरी म्हणता येईल. स्फटिकातील अशुद्धी, जालकातील दोष आणि स्फटिकाच्या भिंती यांवर आदळल्यानेही संवेग असाच नष्ट होतो.

वारीच्या वाटेने जाणाऱ्या दाट समुदायाची येथे आठवण व्हावी. माणसास माणूस घासतो, धक्के बसतात, कोणी मागे रेटला जातो तर कोणी पुढे. पण या आपापसांतील धक्क्यांनी समुदायाची पुढची चाल थांबत नाही. उलट त्यामुळेच सारे एका लयीत येतात. समुदायाची गती मोडते ती वाटेत खांब, दगड, गाड्या यांचे अडथळे असले म्हणजे. फोनॉनांचेही तसेच आहे. साध्या टकरी त्यांस एकत्र बांधतात आणि तरंगास जन्म देतात. उलट्या टकरी आणि अशुद्धी त्या तरंगाचा घात करून विसरण घडवितात. कात्तानेओच्या समीकरणातील विलंबकाल हा केवळ एक आकडा आहे. त्या आकड्यामागे हे दोन भिन्न काळ लपलेले आहेत. म्हणूनच त्या समीकरणाकडे अंतिम सत्य म्हणून पाहता येत नाही. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील क्रुमहान्सल आणि गायर यांनी फोनॉनांच्या टकरींचा हा भेद लक्षात घेऊन अधिक सखोल समीकरणे सिद्ध केली.

तरंग केव्हा दिसेल, हे त्यावरून ठरते. तरंगाच्या एका हेलकाव्याच्या अवधीत साध्या टकरी पुष्कळ झाल्या पाहिजेत आणि संवेग नष्ट करणाऱ्या टकरी जवळजवळ होता कामा नयेत. स्फटिक थंड केला की उलट्या टकरी झपाट्याने कमी होतात, हे अनुकूल आहे. परंतु फार थंड केला तर साध्या टकरीही विरळ होतात, आणि मग प्रत्येक फोनॉन बंदुकीच्या गोळीसारखा सरळ भिंतीपर्यंत जातो. समुदायच उरत नाही. या दोन अवस्थांच्या मध्ये तपमानाची एक अरुंद खिडकी असते. ती कित्येक पदार्थांत इतकी अरुंद असते की उघडतच नाही.

ही खिडकी उघडली तर तरंगाचा वेग किती असावा, याचे भाकीत सोपे आहे. फोनॉन सर्व दिशांनी धावतात, तरंग मात्र एकाच दिशेने पुढे जातो. म्हणून त्याचा वेग फोनॉनांच्या वेगास तीनच्या वर्गमूळाने भागून येणारा, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ५८ टक्के असावा.

शुद्धतेचा शोध

स्फटिक शुद्ध हवा, हे म्हणणे सोपे, पण त्याचा अर्थ फार कठोर आहे. रासायनिक भेसळ नसणे एवढ्याने भागत नाही. एकाच मूलद्रव्याचे भिन्न वजनाचे अणू, म्हणजे समस्थानिक, हीसुद्धा फोनॉनांच्या दृष्टीने अशुद्धीच होय. कारण जालकात एखादा अणू जड असला की कंप तेथे अडखळतो. तेव्हा निसर्गात ज्यांचा एकच स्थिर समस्थानिक आढळतो अशा मूलद्रव्यांकडे शास्त्रज्ञ वळले. पदार्थांची निवड पाहिली की हे सूत्र स्पष्ट दिसते.

पहिला मान घन हेलियमला मिळाला. नैसर्गिक हेलियम जवळजवळ सर्वस्वी चार वस्तुमानांकाचाच असतो, आणि अतिशीत द्रवात इतर सर्व भेसळ गोठून बाजूला पडते. साध्या दाबाखाली हेलियम कितीही थंड केला तरी घन होत नाही. त्यास सुमारे २५ वातावरणांचा दाब द्यावा लागतो. लायडन येथे कीसोमने १९२६ मध्ये तो प्रथम घनरूप केला होता. १९६६ मध्ये अ‍ॅकरमन, बर्टमन, फेअरबँक आणि गायर या चौघांनी घन हेलियमच्या स्फटिकास एका बाजूने उष्णतेचा क्षणिक झटका दिला आणि एका केल्विनहून कमी तपमानास तो झटका तरंगरूपाने पलीकडे निघाल्याचे दाखवून दिले. घन पदार्थातील दुसरा ध्वनी असा प्रथम आढळला. नेर्न्स्टच्या सूचनेनंतर जवळजवळ अर्धशतक लोटले होते.

घन हेलियम हा पदार्थच मुळी नवलाचा. तेथे जे दिसले ते साध्या, खडखडीत स्फटिकात दिसेल काय, ही शंका राहिलीच. तिचे निरसन १९७० मध्ये सोडियम फ्लोराइडने केले. सोडियमचा स्थिर समस्थानिक एकच, फ्लोरिनचाही एकच. राहता राहिली ती रासायनिक भेसळ. ती काढण्यासाठी स्फटिक पुन्हा पुन्हा वितळवून वाढवावे लागले. मॅकनेली, रॉजर्स, पोल, जॅक्सन, वॉकर इत्यादींच्या या प्रयोगांतील नोंदी वाचनीय आहेत. फार शीत स्फटिकात झटका दिल्यावर पलीकडे दोन टोकदार ठोके येतात. पहिला जलद फोनॉनांचा, दुसरा मंद फोनॉनांचा. हे सुट्या गोळ्यांसारखे आलेले. तपमान वाढवीत १० ते २० केल्विनच्या पट्ट्यात आले की या दोहोंच्या मागून तिसरा उंचवटा डोके वर काढतो. तपमान आणखी वाढविले की तो उशिरा येऊ लागतो, रुंदावतो आणि शेवटी विसरणाच्या पसरट टेकडीत विलीन होतो. गोळी, तरंग आणि विसरण या उष्णतावहनाच्या तिन्ही रीती एकाच स्फटिकात, केवळ तपमान पालटून, क्रमाने पाहावयास मिळाल्या. सर्व प्रयोगांत हाच सर्वाधिक बोधप्रद म्हणावा लागेल.

१९७२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत नारायणमूर्ती आणि डाइन्स यांनी बिस्मथमध्ये हा तरंग दाखविला. यांपैकी वेंकटेश नारायणमूर्ती यांचा जन्म बंगळूरचा आणि महाविद्यालयीन शिक्षण दिल्लीचे. बिस्मथचाही व्यवहारतः एकच समस्थानिक आहे. येथे खिडकी अवघ्या तीन-चार केल्विनच्या आसपास उघडली.

वाळू, मांस आणि घाई

यानंतर बराच काळ नवा पदार्थ सापडला नाही, आणि याच मधल्या काळात एक वेगळेच प्रकरण घडले. १९९० मध्ये वाळूत आणि १९९५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसात, तेही नेहमीच्या तपमानास, उष्णतेचे तरंग आढळल्याचे प्रसिद्ध झाले. त्यांचा विलंबकाल पंधरा-वीस सेकंद भरतो, असे सांगण्यात आले. स्फटिकातील विलंबकालाशी तुलना केली म्हणजे या आकड्याचा अचाटपणा ध्यानात येतो. परंतु कात्तानेओचे समीकरण सोडविण्यास गणितज्ञ उत्सुकच होते. शरीरातील ऊतक लेसरने तापविताना उष्णता कशी जाते, यावर हे आकडे घेऊन पुष्कळ निबंध लिहिले गेले. १९९९ आणि २००० मध्ये जर्मन संशोधकांनी तेच प्रयोग काळजीपूर्वक पुन्हा केले, तेव्हा फूर्येचा जुना नियमच पुरेसा असल्याचे त्यांस आढळले. वाळूच्या कणांमधील हवा आणि मांसातील पाणी यांमध्ये उष्णतेची देवघेव होण्यास वेळ लागतो, हे खरे. पण तो वेळ म्हणजे तरंगाचे जडत्व नव्हे. समीकरण सुंदर आहे एवढ्यावरून निसर्ग त्यानुसार वागलाच पाहिजे, असे नाही.

ग्रॅफाइटमधील पट्टे

शिसपेन्सिलीत जे असते ते ग्रॅफाइट यापुढील नायक ठरले. त्यातील कार्बनचे अणू एकेका थरात अतिशय घट्ट बांधलेले, तर थर परस्परांशी सैल. अशा रचनेत साध्या टकरी विपुल आणि उलट्या टकरी विरळ असतात. २०१५ मध्ये कार्बनच्या एकेरी थरासंबंधी दोन स्वतंत्र गटांनी केलेल्या गणनेतून असा निष्कर्ष निघाला की, येथील खिडकी पूर्वीच्या कोणत्याही पदार्थाहून पुष्कळ रुंद आणि पुष्कळ उबदार असावी.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत २०१९ मध्ये ह्यूबरमन, डंकन, माझ्नेव्ह, नेल्सन, चेन आदींनी याचा पडताळा घेतला. त्यांची रीत मोठी कल्पक आहे. लेसरचे दोन किरण ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर एकमेकांस छेदतील असे सोडले की तेथे प्रकाश आणि अंधार यांचे एकाआड एक पट्टे उमटतात; आणि त्याबरोबर उष्ण व शीत पट्टेही. पट्ट्यांमधील अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतके ठेवले होते. किरण क्षणभरच पडतात. त्यानंतर तिसऱ्या किरणाने हे पट्टे कसे पुसले जातात, ते सेकंदाच्या अब्जांश काळात पाहावयाचे.

नेहमीच्या विसरणात काय होईल? उष्ण पट्टा निवेल, शीत पट्टा तापेल आणि दोघे समान होऊन थांबतील. ग्रॅफाइट १०० केल्विनच्या, म्हणजे उणे १७३ अंश सेल्सिअसच्या आसपास असता मात्र ते समान होऊन थांबले नाहीत. उष्ण पट्टा निवत निवत शेजारच्यापेक्षाही शीत झाला आणि शीत पट्टा उष्ण झाला. झोका मधोमध न थांबता पलीकडे जावा, तसे उष्णतेने आपल्या जडत्वाने समतेची रेषा ओलांडली. क्षणभर उष्णता थंड भागाकडून गरम भागाकडे वाहत होती, असे यावरून दिसते. ऊष्मागतिकीचा दुसरा नियम येथे मोडला काय, अशी शंका जिज्ञासू विद्यार्थी घेतील. तो मोडत नाही. फोनॉनांचा समुदाय सामुदायिक गतीत असताना त्या गतीतही सुव्यवस्था साठलेली असते; तिचा हिशेब धरला की एकूण अव्यवस्था वाढतच असते. २०२२ मध्ये पट्टे आणखी जवळ आणून हाच प्रकार २०० केल्विनच्या वर, म्हणजे उणे ७३ अंशांहून उबदार ग्रॅफाइटमध्येही दाखविण्यात आला.

दुसऱ्या मार्गाने, म्हणजे तपमान कमी न करता काळ सूक्ष्म करून, जर्मेनियमवर प्रयोग झाले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात लेसरची तीव्रता अतिशय शीघ्र गतीने कमीजास्त करून जर्मेनियमचा पृष्ठभाग तापविला गेला, आणि ७ केल्विनपासून थेट खोलीच्या तपमानापर्यंत तरंगाची लक्षणे नोंदविण्यात आली. हे जर्मेनियम नैसर्गिक, म्हणजे अनेक समस्थानिकांचे होते. येथील तरंग मात्र जन्मताच विरणारा असतो; सोडियम फ्लोराइडमधील स्वच्छ ठोक्याशी त्याची बरोबरी करता येणार नाही.

या विषयाचा व्यवहाराशी संबंध दोन ठिकाणी येतो. गणकयंत्रांतील अर्धवाहकांचे भाग आता मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाइतके, आणि त्याहूनही बारीक झाले आहेत. सिलिकॉनमधील उष्णतावाहक फोनॉनांपैकी बरेचसे एका टकरीपासून दुसऱ्या टकरीपर्यंत याहून अधिक अंतर जातात. तेव्हा अशा भागातून उष्णता कशी बाहेर पडेल, हे ठरविताना फूर्येचा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. भाग किती तापेल याचे उत्तर त्याने चुकते.

दुसरा उपयोग द्रव हेलियममधील तरंगाचा आहे आणि तो आजही कामात आहे. कणांना वेग देणाऱ्या मोठ्या यंत्रांत नायोबियम धातूची पोकळ पात्रे द्रव हेलियममध्ये बुडवून अतिसंवाहक अवस्थेत ठेवतात. पात्राच्या भिंतीत कोठेतरी सूक्ष्म दोष असला की ती जागा एकाएकी तापते आणि पात्राची अतिसंवाहकता ढासळते. दोष कोठे आहे, हे बाहेरून दिसत नाही. परंतु त्या जागेतून द्रवात दुसऱ्या ध्वनीचा ठोका निघतो, आणि तो सेकंदाला सुमारे वीस मीटर, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात दोन सेंटिमीटर, एवढ्या बेताच्या गतीने सर्वत्र पसरतो. पात्राभोवती ठेवलेले तीन-चार ग्राहक तो ठोका निरनिराळ्या वेळी टिपतात. प्रत्येकाच्या वेळेवरून अंतर काढले, त्या अंतरांची वर्तुळे एकमेकांस कोठे छेदतात ते पाहिले, की दोषाची जागा सापडते. आणि मग पात्र बाहेर काढून नेमकी तेवढीच जागा घासून दुरुस्त करता येते.